सरवा

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. बबनरावांच्या दीड एकरातलं शिसं तीन वर्षांत निम्म्याच्या खाली उतरलं होतं. अकरा मिनिटांनी बबनरावांचा फोन आला. त्यांच्या सुनेच्या, सारिकाच्या रक्तातलं शिसं चार महिन्यांत दुप्पट झालं होतं.

सारिकाला सातवा महिना होता. पहिलं बाळ सहाव्यात गेलं होतं.

मृदाशास्त्रज्ञ अनुपमा पुण्याहून निघाली ती दीड वाजता कुरकुंभच्या पुढच्या वस्तीवर पोचली. बबनराव ओट्यावर उभेच होते.

"जमीन बरी झाली म्हंता, आन् माणूस आजारी? ह्ये कसलं औषध, मॅडम?"

"आबा, आधी बघू द्या मला."

त्यांच्या रानाच्या कोपऱ्यात पूर्वी भाड्यानं दिलेली शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडत. शेडवाले एका रात्रीत गेले, शिसं मातीत राहिलं. अनुपमानं तिथं माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत लावलं. शेडची जागा सगळ्यांत वाईट, म्हणून तिथल्या ठोंबांना लाल दोरा. त्याच्या पलीकडे पिवळा, बांधाकडे पांढरा. वस्तीच्या बैठकीत तिनं सोप्या भाषेत सांगितलं होतं, "हे गवत विष खाऊन टाकतं." तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

घरच्यांनी तिच्यापेक्षा कडक पथ्य पाळलं. रानाला तारेचं कुंपण घातलं. गाईला पातं तोडू दिलं नाही. बोअर बंद केली, पिण्याचं पाणी जारचं, भाजी दौंडच्या बाजारातली. दर डिसेंबरला जुने ठोंब उपटून गोण्यांत भरायचे, गोण्यांना सील लावायचं, आणि विषारी कचऱ्याची गाडी येईपर्यंत त्या कुलपात ठेवायच्या.

रतनबाईंनी, सारिकाच्या सासूबाईंनी, तांब्याभांडं आणून ठेवलं. "आधी पाणी प्या. ऊन काय कमी हाय व्हय?"

अनुपमा दोन भांडी पाणी घटाघट प्यायली. गार, मंद वासाचं पाणी. या घरात तिला हेच आवडायचं.

मग तिनं पिशवीतून शिसं तपासायच्या पट्ट्या काढल्या. हळद, तिखट, कुंकू, सारिकाचं काजळ, पितळेच्या पातेल्याची कल्हई. प्रत्येकाला एकेक पट्टी लावली. जारच्या तोटीखाली पट्टी धरली. एकाही पट्टीचा रंग बदलला नाही.

सारिका खाटेवर बसून बघत होती. "मॅडम, माझं काही चुकलं का? मी त्या रानाकडं फिरकलेसुद्धा नाही."

"तुझं काही चुकलेलं नाही."

"मग बाळाला?"

अनुपमा म्हणाली, "सापडेल. आजच सापडेल."

रतनबाईंनी भुईमुगाच्या शेंगा पुढं केल्या. "भावाच्या रानातला सरवा हाय, खुटबावचा. काढणी झाली की मागं राहिलेलं मी वेचूनच आणते. मातीत टाकलेलं बघवत न्हाई."

"हिला मोकळं सोडलं तर लग्नाच्या मांडवातलं खिळं बी वेचून आणंल," बबनराव म्हणाले.

"आणीन. तुमच्या खुंट्या त्याच खिळ्यांच्या हायेत, इसरला का?"

सारिका हसली. त्या दुपारी पहिल्यांदाच.

अनुपमानं शेंगांनाही पट्टी लावली. काही नाही.

पावणेतीनला प्रयोगशाळेतून सुषमाचा फोन आला. "पात्यांत जवळजवळ काहीच नाही, मॅडम. सगळं मुळांत साठलंय. लाल दोऱ्याची मुळं तर हातमोज्याशिवाय धरू नका."

अनुपमानं गोण्यांच्या खोलीचं कुलूप काढायला लावलं. अकरा गोण्या होत्या, नोंदीतही अकराच. एकेक सील तिनं बोटानं चाचपलं. सगळी शाबूत होती. तिला हायसं वाटलं.

घसा कोरडा पडला होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं स्वतःच माठावरचं झाकण काढलं. तोच वास नाकात शिरला. या वेळी तिनं तो ओळखला. उन्हाळ्यात असा वास कुठल्याही घरच्या माठाला येतो, म्हणूनच आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

"काकू, माठात काय टाकलंय?"

"वाळा, दुसरं काय? आपलाच. तुमचंच गवत की त्ये."

अनुपमानं कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी मुळांची जुडी होती. तिनं ती वर काढली. पाणी निथळत होतं. जुडीला लाल दोरा होता.

"गोणीतला न्हाई हां," रतनबाई घाईनं म्हणाल्या. "गोणीला हात लावला न्हाई. ठोंब उपटून झालं, तवा तुटकी मुळं सरीत पडली व्हती. सरवाच की त्यो. सात पाण्यानं धुतला, कणभर माती राहू दिली न्हाई. तुमीच म्हणला व्हता न्हवं, ह्ये विष खातं? म्हून सूनबाईच्या पाण्यात ठेवला. थोडं असंल पाण्यात, तर खाऊन टाकंल."

दारात सारिका उभी होती. तिच्या हातात अर्धं प्यायलेलं भांडं होतं.

"किती वेचला होता, काकू?" अनुपमानं विचारलं.

"पाटी भरून." रतनबाईंच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान आला. "एवढं गुणाचं, आपल्याच घरात ठिवायचं व्हय? संक्रांतीला वाण म्हून लुटलं. साठ घरं झाली. राहिलेल्या चार जुड्या शाळंच्या माठात सोडल्या."