चेहरा नीट दिसला पाहिजे

"तुमचा त्रास मला कळतोय, आजी," फोनवरची मुलगी म्हणाली. "पण सभासदत्व आजन्म आहे. ते मध्येच थांबत नाही."

तो लाडिक आवाज ऐकून रुस्काने फोन कानापासून जरा लांब धरला.

"पोरी, आम्ही गोळ्यांची नमुन्याची एक डबी मागवली होती. फुकट. टपालखर्च तेवढा कार्डाने भरा, असं तुम्हीच म्हणत होतात."

"खाली बारीक अक्षरांत बाकीचंही होतं, आजी."

टेबलापलीकडे तिचा नवरा मिंचो मान खाली घालून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसला होता. हा उपद्व्याप त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांपायी झाला होता. फोनवरच्या जाहिरातीतला डॉक्टर त्याला पसंत पडला. पांढऱ्या कोटाच्या गळ्यातून घरी विणलेला तपकिरी स्वेटर डोकावत होता. "हा आपल्यातला माणूस दिसतो, फसवणार नाही," असं म्हणून त्याने पडद्यावर बोट टेकवलं.

गोळ्या म्हणजे निव्वळ खडू. पण तेव्हापासून पेन्शन जमा झाली रे झाली की तिचा लचका तोडला जायचा. बँकेने कार्ड बदलून दिलं, तर नव्या कार्डातूनही पैसे गेले. गोळ्या पाठवू नका म्हटलं तर दुप्पट आल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली.

पोलिसांत जायला मिंचो तयार नव्हता. त्यांच्या गावच्या, सेव्लिएवोच्या मंडईत त्याने जन्मभर काट्यावर माल तोलला होता. त्याने तोललेलं पुन्हा कुणी तोलून पाहत नसे. "पैसे गेले तर गेले," तो म्हणायचा, "पण हे मंडईला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

"मग हे थांबतं तरी कधी?" रुस्काने फोनवर विचारलं.

"सभासद वारले, तर लगेच."

"मृत्यूचा दाखला पाठवायचा?"

"छे हो. दुःखात कचेऱ्यांचे हेलपाटे कशाला? तुमच्याकडे दारावर कागद लावतात ना, त्याचा फोटो पाठवा. फक्त चेहरा नीट दिसला पाहिजे."

रुस्काने फोन ठेवला आणि जाऊन साबणाने हात धुतले.

माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लागतो. जिवंत माणसाचा कागद काढणं म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं. रुस्का चार दिवस कुढत राहिली. पाचव्या दिवशी तिने लेकीच्या लग्नातला मिंचोचा फोटो पिशवीत घातला आणि बसने शेजारचं गाब्रोवो शहर गाठलं. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

कागद छापणारा माणूस सभ्य होता. "देव त्यांना क्षमा करो," तो हळू आवाजात म्हणाला. त्याने फोटो न्याहाळला. लग्नात पाहुण्यांच्या कानामागे खोचतात ती हिरवी डहाळी मिंचोच्या उजव्या कानामागे होती. "ही पुसून टाकू का? अशा कागदावर बरी दिसत नाही."

"राहू द्या," रुस्का म्हणाली. "त्या दिवशी तो हसला होता."

आणि तिला खरोखरच रडू आलं. त्या हरामखोरांपायी आपण काय करतोय, याची तिला शिसारी आली होती.

घरी येऊन तिने कागद दाराला चिकटवला. मिंचो चष्मा लावून समोर उभा राहिला.

"कष्टाळू पती, लाडका पिता," त्याने वाचलं. "लाडका जरा जास्तच झालं."

"मेलेल्यांना मत नसतं. बाजूला हो, तुझी सावली पडतेय."

तिने फोटो काढला, लगेच कागद ओरबाडला आणि चुलीत घातला. वर तीनदा थुंकली.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सभासदत्व संपलं होतं. मजकूर सांत्वनाचा होता. आजोबांचा चेहरा फार विश्वासू वाटतो, असंही शेवटी लिहिलं होतं.

"बघ, चोरांनाही कळलं," मिंचो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो मोकळं हसला.

पुढची पेन्शन पुरी आली. त्यापुढचीही. मिंचोने दाढी घोटली, इस्त्रीचा सदरा घातला आणि शनिवारी तो बायकोबरोबर मंडईत गेला. जुने गाळेवाले त्याला हाका मारत होते. एकाने तर गंमत म्हणून त्याच्याकडून टरबूज तोलून घेतलं.

तेवढ्यात डोंगरातल्या गावाकडची एक म्हातारी काठी टेकत जवळ आली. तिने मिंचोकडे निरखून पाहिलं आणि त्याची बाही धरली.

"डॉक्टर," ती म्हणाली.

"चुकताय, बाई. मी काट्यावरचा माणूस."

"नाही चुकत. रोज बघते मी तुम्हाला. तुमच्या तोंडाकडे बघूनच घेतल्या मी त्या गोळ्या. हिवाळ्याच्या सरपणाचे पैसे गेले माझे. बंद करा म्हटलं तर बंदही करत नाहीत."

गाळेवाले गोळा झाले. "अहो आजी, हा आमचा मिंचो," कुणीतरी हसत म्हणालं. "कसला डॉक्टर?"

म्हातारीने बाही सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने पिशवीतून फोन काढला, अंगठ्याने दाबला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस शांतपणे बोलत होता, पहिली डबी फुकट आहे म्हणून सांगत होता, आणि त्याच्या उजव्या कानामागे हिरवी डहाळी होती.