एक बिस्कीट घेऊ?

घरच्या माणसासारखं वागायचं सोडून, आमचे हे छप्पन्नाव्या वर्षीही सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बरणीपाशी उभे राहून विचारतात, "आई, एक बिस्कीट घेऊ?" लहानपण सगळं बोर्डिंगात गेलेलं. तिथे विचारल्याशिवाय कशाला हात लावायची सोय नव्हती.

"घे की रे राजा," सासूबाई म्हणतात आणि मग माझ्यापाशी डोळ्यांना पदर लावतात. "पोटच्या पोराला मीच पाहुणा केला गं."

परवा मी यांना गाठलंच. "आपल्या घरी न विचारता अख्खी बरणी फस्त करता. मग इथे येऊन त्या माउलीला कशाला रडवता?"

"हळू बोल," हे म्हणाले. "बोर्डिंगात मी तिचं ते 'घे की रे राजा' आठवत झोपायचो. न विचारता घेतलं, तर ती कशाला म्हणेल?"

माझ्या पोटात काही राहत नाही. निघताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

आज आम्ही गेलो, तर फळीवर बरणी नव्हती. सासूबाई ती मांडीवर घेऊन दारातच बसल्या होत्या.