रेमंडची जागा

तंतुवाद्यांच्या चौकडीतले तिघे आपापल्या घरून ऑनलाइन मैफलीत वाजवत होते. चौथा वादक रेमंड याच्या स्मरणार्थ चाळीस सेकंदांची शांतता ठेवली होती. ती सुरू होताच रेमंडचा व्हायोला वाजू लागला, तोही अप्रतिम.

इरावतीने चेलो बाजूला ठेवून मैफल प्रसारित करणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. "अहो, तो जूनमध्ये वारलाय!"

"बरोबर, मॅडम. जूनपासून त्यांचं नेट बंदच दिसतंय. अशा वेळी मैफलीत आवाज थांबला, की आमची यंत्रणा त्याच वादकाच्या शैलीत पुढे वाजवते. त्यांचं नाव तुमच्या यादीत आहे ना."

होतंच. ते काढायला तिघांचाही हात धजावला नव्हता.

"बंद करा आधी!"

"मॅडम, श्रोते रडताहेत. इतके चांगले अभिप्राय तुम्हाला कधीच आले नव्हते."

तेवढ्यात वसईहून रेमंडच्या बायकोचा, ब्रिजेटचा फोन आला. "इरा, हा कोण वाजवतोय? माझा रेमंड एवढा सुरात कधी होता गं? छत्तीस वर्षं ऐकलंय मी त्याला. हाकल त्या भामट्याला!"

इरावतीने नाव खोडलं. यंत्रणेने कारण विचारलं: वेळ जमत नाही, की मतभेद? तिने 'मतभेद' दाबलं.

व्हायोला थांबला. आवाज येत नसल्याच्या तक्रारी धडाधड येऊ लागल्या. इरावतीने एकही उघडली नाही. दातओठ खात तिने चाळीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.