मुकी गाडी

तीन मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. इंजिनाचे चार बोल्ट सुटले होते. पाचवा गंजून बसला होता आणि मिस्त्री त्याची मनधरणी करत होता.

"ये रे राजा, आता हट्ट करू नकोस," असे म्हणत त्याने बोल्टवर तेल सोडले, हातोडीने दोन हलके टोले दिले आणि पान्याला जोर लावला. बोल्ट कुरकुरला, मग सुटला.

"ताई, अजून विचार करा. असं इंजिन आता कोणी बनवत नाही. एकदा फोडून टाकलंत की मागे फिरता येणार नाही."

"मला मागे फिरायचंच नाही," बाई म्हणाली.

ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत असे. आज तिने रजा टाकली होती. शेजारी तिची कॉलेजात जाणारी लेक हाताची घडी घालून उभी होती. गॅरेजवर पाटी होती : 'जुन्या मोटारसायकली विजेवर करून मिळतील. धूर नाही, आवाज नाही.' गिऱ्हाइके 'धूर नाही' या शब्दांसाठी येत. बाई 'आवाज नाही' या शब्दांसाठी आली होती.

"गाडी साहेबांची?" मिस्त्रीने विचारले.

"हो. आमच्या ह्यांचा जीव होता हिच्यावर. दोन वर्षांपूर्वी ट्रकवर आदळले. गाडी महिन्याभरात दुरुस्त झाली."

"आणि साहेब..." मिस्त्रीने वाक्य पुरे केले नाही. बाईने मान खाली घातली.

"तेव्हापासून मीच चालवते."

मिस्त्री चुकचुकला आणि इंजिनाखाली जॅक सरकवू लागला.

एवढ्यात एक दाढीवाला गिऱ्हाईक आला. कातडी जाकीट, हातात शिरस्त्राण. धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात बंदी येणार म्हणून तोही आपली गाडी विजेवर करून घेणार होता, पण रोज एक दिवस पुढे ढकलत होता.

"मिस्त्री, आमच्या म्हातारीचं ऑपरेशन उद्यावर टाका. आज तिला जरा बरं वाटतंय," असे म्हणता म्हणता त्याची नजर जॅकवर उतरलेल्या इंजिनावर गेली आणि थट्टा जागच्या जागी थांबली. "मॅडम, हे मला द्या. म्हणाल ती किंमत."

"विकायचं नाही."

"मग दिवाणखान्यात मांडणार?"

"फोडणार."

दाढीवाल्याने मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्रीने खांदे उडवले.

"अहो, हा सरळ सरळ खून आहे!"

"छे," बाई शांतपणे म्हणाली. "खुनात सुटका फार लवकर होते."

तिने कोपऱ्यातला घण उचलला. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला सिलिंडरच्या पात्या तडकल्या. त्यानंतर ती मोजत बसली नाही. सायलेन्सरची नळी चपटी झाली तेव्हा तिने घण खाली ठेवला आणि पदराने कपाळ पुसले. दाढीवाला केव्हाच बाहेर जाऊन उभा राहिला होता.

लेकीने तिला पाण्याची बाटली दिली. "आई, एवढाच राग होता तर अख्खी गाडीच भंगारात द्यायची."

"भंगारात गेली की संपलं. मला ती चालती हवी आहे. फक्त मुकी."

"आवाजामुळे आपल्याला निदान दोन मिनिटं तरी मिळायची. मी दप्तर उचलून माळ्यावर जायचे."

"मिळायची. मग ते तुझ्या बाबांच्या लक्षात आलं."

लेकीने मान हलवली. "वळणावरच गाडी बंद करायचे. ढकलत आणायचे. आपण मागे वळून पाहावं, तर तिथे उभे."

"आणि त्याचं त्यांना हसू यायचं," बाई म्हणाली.

लेकीने बाटलीचे झाकण घट्ट लावले.

मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर मापाप्रमाणे आधीच तयार होते. दुपारभर मिस्त्रीने चौकटीला आधार जोडले, तारा ओढल्या, चाक पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. चाक असे फिरत होते की पाहिल्याशिवाय ते चालू आहे हे कळू नये.

"ताई, एक भुंगा बसवून देऊ? मंद गुणगुणतो. रस्त्यावरच्या लोकांना गाडी आल्याचं कळतं. अजून सक्ती नाही, पण बरा असतो."

"नको."

"कोणी दचकलं तर?"

"रस्त्यावर हॉर्न आहे. मी जपून चालवते," बाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

पाचच्या सुमारास मायलेकी निघाल्या. मिस्त्री पाठमोऱ्या गाडीकडे पाहत म्हणाला, "माणूस गेलं की राग असा वस्तूंवर निघतो." दाढीवाल्याने फुटलेल्या इंजिनावर फडके टाकले.

चौकात बाईने गाडी थांबवली. "तू आज मावशीकडे राहा."

"मीही येते ना."

"नको. हे माझं मला करू दे."

लेक उतरली. बाई पुढे गेली. वळण आले. वळणावर झोपलेल्या कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. दाराशी गाडी लावून तिने चपला हातात घेतल्या आणि दार अलगद लोटले. खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. अपघातात डोळे गेले तेव्हापासून तो रोज संध्याकाळी वळणाकडे कान लावून, गाडीच्या आवाजाची वाट पाहत बसे. बाई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या मानेवर तिने हळूच फुंकर घातली. त्या संध्याकाळी, दिवेलागणीपर्यंत, "कोण आहे?" असे त्याने एकूण अकरा वेळा विचारले.