बारा घरांचं पाणी

विहिरीचं पाणी पिण्यास योग्य आहे, असं अहवालात टाईप केलं होतं. जगन कडूने ती ओळ हौसाबाईला दोनदा वाचून दाखवली. पडवीत बसल्या जागी विहिरीचा कुजका वास नाकात शिरत होता, आणि कागद म्हणत होता, योग्य.

"असं कसं निघालं, मावशी? तुमच्या विहिरीवरचा तवंग मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. ती पलीकडची कंपनी नाल्यात काय सोडते, तेही बघितलंय."

"योग्यच निघनार," हौसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "पानी कुठलं होतं, ते नाय इचारलंस."

जगनने खरंच विचारलं नव्हतं. संशोधनात तसं विचारायचं नसतं. मुंबईहून निघताना सरांनी बजावलं होतं, नमुना गोळा करणाऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. लोक रोज जे पितात, ते त्यांनीच बाटलीत भरायचं. म्हणून गावातली बारा घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. प्रत्येक घरात रोज एक बाटली. बायकांनी सकाळी भरायची, सह्या-अंगठे करायचे, जगनने दहा वाजता येऊन उचलायची. सात दिवस. पद्धत इतकी चोख, की कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

"पहिल्या दिशी आमची सून सगुणा विहिरीचंच भराया निघाली व्हती," हौसाबाई सांगू लागली. "म्या म्हटलं, अगो, पानी मुंबयला जानार, शिकलेली मानसं हुंगून बघनार. ही घान द्याची त्यांना? मंग ती डोंगरातल्या झऱ्यावर गेली. चार पदरी फडक्यातनं गाळलं. बाकीच्या अकरा घरांना बी म्याच सांगून आले. गावाची लाज राखाया नको?"

 जगन काही परदेशातून आलेला विद्वान नव्हता. पेणचा पोरगा होता. त्याची आईसुद्धा पाहुणा आला की ठेवणीतला तांब्या काढायची, कानतुटका कप कधी पुढे करायची नाही. हे सगळं अंगात मुरलेलं असून सात दिवस बाटल्या उचलत राहिला. शिकलेलं गाढव.

"पण मावशी, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पाण्यात काय आहे ते तपासायचंय."

"सांगितलंस की. आनि विहिरीचं काय हाय ते आमी तोंडानं समदं सांगितलं नाय तुला? सगुणाची दोन पोटातच गेली, ते बी सांगितलं. तू लिवून घेतलंस."

लिहून घेतलं होतं. पण तोंडचं धरत नाहीत. सरांच्या भाषेत ती ऐकीव माहिती. बाटलीतलं पाणी मात्र खोटं बोलत नाही, असं सर नेहमी म्हणायचे.

"नळाचं काय झालं?" हौसाबाईने विचारलं.

त्याच्यासाठीच तर तो आला होता. पाणी खराब निघालेल्या गावांनाच नळ मिळणार होते. सकाळी कोलाडहून सरांना फोन करून झाला होता. अहवाल वर गेला, यादी पक्की झाली, गावाचं नाव त्यात नाही. पाणी चांगलं असलेल्या गावाला नळ कशाला? पुढची पाहणी पाच वर्षांनी. आता त्याने परत फोन केला तरी कोण ऐकणार? गावाने खोटं पाणी भरलं, एवढंच म्हणतील, आणि गावाचं नाव कायमचं खराब होईल.

त्याने ते सगळं सांगितलं.  हौसाबाईच्या चेहऱ्यावरून मघाचं कौतुक कुठल्या कुठे गेलं.

"मंजी म्याच केलं व्हय हे?"

 जगनने नाही म्हणायला हवं होतं. तो अहवालाची घडी घालत बसला.

सगुणा दाराशी उभी होती. तिला पाचवा महिना होता. सातही दिवस उजाडायच्या आधी तीच डोंगर चढली होती.

"मग तू तेव्हा काय प्यायचीस?" जगनने तिला विचारलं.

"विहिरीचं," ती म्हणाली. "झऱ्याची धार करंगळीवानी. बारा घरांच्या बाटल्या भरून तांब्याभर उराचं. ते तुमाला ठेवाचो, दहा वाजता आल्यावर प्यायाला."

तो रोज प्यायला होता. पाणी गोड आहे, असंही एकदा म्हणाला होता.

त्याला तिथे बसवेना आणि उठवेना. उगाच काहीतरी करायला हवं म्हणून तो म्हणाला, "सगुणा, मला पाणी दे. विहिरीचं दे."

तिने कोपऱ्यातल्या हंड्यात पेला बुडवला आणि आणून दिला. जगनने तो ओठांपर्यंत नेला, तोच हौसाबाईने हात पुढे करून काढून घेतला.

"खुळा काय तू? काय झालं मंजी? कुनाचा लेक, कुठनं आलेला."

"आणि सगुणा पिते ते?"

"ती घरचीच हाय," हौसाबाई म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिने पदर तोंडाला लावला.

पेला तिच्या हातात तसाच कलंडत होता. सांडेल म्हणून सगुणाने तो काढून घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.