बरा

"बरा होईल ना?" मुलीने विचारलं.

स्टीलच्या टेबलावर शेठ थरथरत उभा होता. तपकिरी, म्हातारा, एका कानाने ठार बहिरा कुत्रा. गळ्याखालच्या गाठी पुन्हा एकदा चाचपून डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले.

"कॅन्सरच आहे. बरा होणार नाही. पण बरा राहील."

"झालं तर मग," बाबा म्हणाले. बस डेपोत लावून ते तसेच आले होते, अंगावर चालकाचा गणवेश.

"बाबा, बरा होणार नाही म्हणाल्या त्या."

"ऐकलं की. पुढचंही ऐकलं."

डॉक्टरबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. इंजेक्शनं दिली तर कदाचित वर्षभर; कुत्र्यांना माणसांइतका त्रास होत नाही, एखादा दिवस मलूल राहील, जेवणार नाही. नुसत्या गोळ्या दिल्या तर दोन-तीन महिने. "गोळ्यांनी भूक मात्र राक्षसासारखी लागेल."

"आत्ता काय कमी आहे? परवा माझा मोजा खाल्ला."

मुलगी हसली नाही. वर्ष. काल नेटवर वाचल्यापासून तिच्या डोक्यात तेवढंच होतं.

"तुम्हीच ठरवा, बाबा."

"मी? याला उचलून आणलंस तेव्हा मी नको म्हणत होतो. ऐकलंस माझं? तुझा कुत्रा आहे, तूच सांग."

तिने शेठच्या पाठीवर हात ठेवला. थरथर तिच्या कोपरापर्यंत आली.

"इंजेक्शनला इथंच आणायचं?"

"दर आठवड्याला. पुढे जरा अंतराने."

"दर वेळी असाच थरथरेल?"

"इथं आला की थरथरतोच तो. साधी लस असली तरी. घरी काय करतो?"

"घोरतो." आता मात्र तिला हसू आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "गोळ्या द्या."

रस्त्यावर येताच शेठची थरथर थांबली. त्याने पहिल्या खांबाला नाक लावलं, मग भिंतीला, मग तिथे उभ्या असलेल्या सायकलच्या चाकाला. मुलगी टॅक्सीला हात करणार, तोच बाबांनी तिला अडवलं.

"राहू दे. जन्मभर लोक माझ्या मागे लागले, जरा लवकर घ्या म्हणून." त्यांनी पट्टा तिच्या हातात दिला. "आज सगळे थांबे घेत जाऊ."