पत्र्याचे पंख

"कापलास? शेवटच्या गाण्यातला माझा गिटारचा तुकडा कापलास?" दादाने टेबलावर थाप मारली, तशा रंगाच्या डब्या उडाल्या.

बारक्या आरशासमोर डोळ्यांभोवती काळं फासत होता. पाठीवर पत्र्याचे भलेमोठे पंख. शेवटच्या गाण्यात त्यांतून आगीचे लोळ निघायचे आणि मैदानभर पोरं किंचाळायची.

"आगीला वेळ लागतो, दादा. लोक तेच बघायला येतात."

"बघायला? मग सर्कस काढ ना! दोन वाघ आण! गाणं मी बांधायचं, बोटं मी सोलून घ्यायची, आणि टाळ्या पत्र्याला?"

मधली ताई कोपऱ्यात बसून ड्रमच्या काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होती. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसायला निघालेत आणि ही बाई मान वर करायला तयार नाही!

"तू जळतोस," बारक्या ओरडला. "तुझ्याकडे कुणी बघत नाही ना!"

"तुझ्याकडे तरी कोण बघतं? उद्या ह्या पंखांत गाढव उभं केलं तरी पोरं नाचतील. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तू आरशासमोरच होतास."

बारक्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खुर्ची भिंतीवर जाऊन आदळली.

प्रकाशयोजनेवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "झालं का?"

"होतंय," ताई म्हणाली.

"आज शेवटचं," दादा म्हणाला. "शाळेत संगीत शिकवायची नोकरी धरलीय मी. ह्या तमाशात पुन्हा पाय ठेवणार नाही. तू आणि तुझा पत्रा, घाला गोंधळ!"

"जा! तुझ्यावाचून अडलंय माझं खेटर!"

बारक्या तसाच फणफणत मंचावर गेला आणि असा गायला की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. दादाच्या तोंडासमोर जाऊन किंचाळला, माइक आपटला, पंख पेटवले. दादा मान खाली घालून वाजवत राहिला. लोक वेडे झाले.

आत आल्याबरोबर बारक्याने पंख फेकले आणि हसत दादाच्या गळ्यात पडला.

"मानलं तुला, दादा! काय चिडवलंस आज!"

बारक्या मुळात भित्रा ससा. दुकानदाराला हाक मारायलाही लाजायचा. पहिल्या कार्यक्रमाला त्याची बोबडी वळली, तेव्हा दादाने त्याला आत नेऊन शिव्यांची लाखोली वाहिली आणि पोरगं पेटून उठलं. तेव्हापासून कार्यक्रमाआधी त्याला डिवचणं हे दादाचं कामच झालं होतं. सगळं ठाऊक असूनही बारक्या दर वेळी भडकायचा.

"आज मलासुद्धा खरं वाटलं," ताई हसली.

"आणि ती शाळेतली नोकरी! कुठून सुचतं रे तुला?"

दादाने गळ्यातले हात हळूच सोडवले. गिटार पेटीत ठेवली आणि पेटी उचलली.

"बारक्या," तो म्हणाला, "आज तुला चिडवायचं राहूनच गेलं."